सुटी आधी, कायदा मागाहून

आम्हां सीमावासीयांना १ मे दुहेरी अर्थाने ठाऊक आहे: कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. अमेरिकेत मात्र कामगारांची राष्ट्रीय सुटी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते. शिकागोच्या १८८६ च्या लढ्यातून जगाला १ मे मिळाला, आणि त्याच देशाने दुसरा दिवस पाळावा याचे अनेकांना नवल वाटते. परंतु सप्टेंबरचा दिवस शिकागोहूनही जुना आहे.

५ सप्टेंबर १८८२ रोजी, मंगळवारी, न्यूयॉर्कमधील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने मिरवणूक काढली. सुमारे दहा हजार कामगार चालले. आठ तासांच्या कामाची मागणी त्यांत अग्रभागी होती. सुटी कोणी दिलेली नव्हती. जो आला, तो त्या दिवसाची मजुरी बुडवून आला. मूळ कल्पना सुतार पीटर मॅकग्वायर यांची की यंत्रकामगार मॅथ्यू मॅग्वायर यांची, हा वाद आजही चालतो. (आडनावेही जवळपास एकच!)

१८८७ मध्ये ओरेगॉनने या सुटीचा पहिला राज्य कायदा केला. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला, आणि २८ जून १८९४ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी संघराज्याच्या कायद्यावर सही केली.

पुलमन संप चिरडल्यावर कामगारांची समजूत काढण्यासाठी ही सुटी दिली, असे सर्रास लिहिले जाते. वकिलाला तारखा आधी पाहाव्या लागतात, आणि तारखा तसे सांगत नाहीत. पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण आपल्याच वसाहतीतील घरांची भाडी उतरवली नाहीत. म्हणून ११ मे रोजी संप झाला. २६ जूनला युजीन डेब्ज यांच्या रेल्वे संघटनेने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला. सही झाली ती त्यानंतर दोन दिवसांनी. मनाई हुकूम २ जुलैचा, आणि फौज त्याच्याही नंतरची. म्हणजे कामगारांना सुटी बहाल करणाऱ्या शासनाने आठवडाभरात त्यांच्यावरच सैन्य धाडले. आमच्या मते हे प्रचलित कथेपेक्षा अधिक बोचरे आहे.

त्या मनाई हुकमाला मक्तेदार कंपन्यांविरुद्ध केलेल्या १८९० च्या कायद्याचाही आधार घेतला गेला. हुकूम मोडल्याबद्दल डेब्ज यांना न्यायालयाच्या अवमानापोटी सहा महिन्यांची कैद झाली. ज्यूरीपुढे सुनावणी झालीच नाही. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सारे एकमताने वैध ठरवले. त्या वर्षी सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला, तेव्हा डेब्ज वुडस्टॉकच्या तुरुंगात होते.