श्रीफळ : रंग, रूप आणि दानाची परंपरा

देवळाच्या कामाचा शुभारंभ नारळ फोडून होतो आणि कलशारोहणाच्या पूजेतही कलशावर नारळच विराजमान असतो. सुवासिनीची ओटी नारळाने भरतात, थोरांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन होतो, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात. एखाद्याला कामावरून कमी केले तरी लोक ‘त्याला नारळ दिला’ असेच म्हणतात! आरंभ व शेवट दोन्ही ठिकाणी असणाऱ्या या फळाच्या रंगांचा अर्थ आणि इतिहास जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

नारळाचा रंग हा जणू त्याच्या वयाचा दाखलाच होय. सहा-सात महिन्यांचे शहाळे बहुधा हिरवे व पाण्याने भरलेले असते. काही जातींत ते पिवळे किंवा केशरीही असते. सुमारे बारा महिन्यांत फळ पक्व होते, सोडण वाळून तपकिरी पडते. सोडणाखाली कठीण करवंटी आणि तिच्या आत शुभ्र खोबरे. बाहेरचा खडबडीतपणा म्हणजे अहंकार व आतील शुभ्रता म्हणजे निर्मळ मन, असा अर्थ कीर्तनकार सांगत आले आहेत. पूजेच्या वेळी त्यावर हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल रंग चढतो व साधे फळ ‘श्रीफळ’ होते.

नारळाला तीन डोळे असतात. आपल्याकडे भाविकांना त्यांत त्रिनेत्र शंकराचे रूप दिसले. पोर्तुगीज खलाशांना मात्र तेथे बागुलबुवाचे तोंड दिसले आणि त्यावरून त्यांनी फळाला ‘कोको’ हे नाव दिले. जशी दृष्टी तशी सृष्टी! या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो व त्यातूनच कोंब बाहेर पडतो. म्हणजे नारळ केवळ फोडण्याचे फळ नसून ते नव्या वृक्षाचे बीजही आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी ओळखली होती, याचा पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांचे लेख तेथे आहेत. नानंगोल या गावातील नारळाची ३२,००० झाडे त्याने चरक नावाच्या तपस्वी मंडळींच्या परिषदांना दिली. त्यांपैकी एक परिषद शूर्पारक, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याची होती. दुसऱ्या एका लेखात चिखलपद्र गावातील ८,००० झाडांच्या दानाचा उल्लेख आहे. लेखात नारळासाठी ‘नाळीगेर’ हा शब्द आहे. आपला ‘नारळ’ त्याच कुळातला.

याच उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ही नाणी विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. त्यांतील २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. मुद्दल कधीही काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. एवढेच नव्हे, तर हे सर्व निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदविण्यात आले. दान, त्याची अट आणि त्याची जाहीर नोंद या तिन्ही गोष्टी इतक्या जुन्या काळी चोख होत्या!

यातून घेण्यासारखा बोध स्पष्ट आहे. फोडलेल्या नारळाचा प्रसाद त्याच दिवशी संपतो. लावलेला नारळ सहा ते आठ वर्षांत फळू लागतो आणि साठ वर्षांहून अधिक काळ फळ देत राहतो. मंदिराचा जीर्णोद्धार हेही असेच लावलेले झाड आहे. देणगीदारांनी तन-मन-धनाने बीज रोवले, आता त्याला पाणी घालणे हे ग्रामस्थांचे काम. दरवर्षीच्या उत्सवाचा हिशेब फलकावर लागावा आणि जेथे पाण्याची सोय आहे तेथे देवळाच्या आवारात नारळाची चार रोपे उभी राहावीत. आज कळसावर झळकणारा रंग काळाने फिका पडेल, त्या वेळी पुढच्या पिढीच्या हाती याच झाडांचे श्रीफळ असावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.