लिनक्स सर्व्हरवरील पार्श्वसेवांची देखरेख : एक ऐतिहासिक आढावा

संगणकात वापरकर्त्याच्या नजरेआड अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनाप्रयोगातील 'डीमन'वरून ही संज्ञा १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये रूढ झाली.

युनिक्स परंपरेत 'इनिट' ही आद्य प्रक्रिया होय. सिस्टिम फाइव्हमधील 'इनिट'ला 'रीस्पॉन' या सूचनेद्वारे बंद पडलेली प्रक्रिया पुन्हा सुरू करता येई. तथापि बहुतेक सेवा शेल स्क्रिप्टमधून सुरू होत व सुरू झाल्यावर देखरेखीबाहेर जात. फाइलीत नोंदवलेला प्रक्रिया-क्रमांक सेवा कोसळल्यानंतर दुसऱ्याच प्रक्रियेला मिळू शके. त्यामुळे ती नोंदही भरवशाची नव्हती.

२०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग व काय सीव्हर्स यांनी 'सिस्टिमडी' सादर केली. कर्नेलमधील 'सीग्रुप'च्या आधारे तिने सेवेच्या सर्व उपप्रक्रियांचा माग ठेवला. फेडोराने २०११ मध्ये, तर डेबियनने २०१५ मध्ये तिचा स्वीकार केला. एकाच प्रणालीत एवढे अधिकार एकवटणे युनिक्सच्या परंपरेशी विसंगत आहे, असा आक्षेप घेतला गेला. त्यातूनच 'देवुआन' हे स्वतंत्र वितरण निर्माण झाले.

देखरेखीची जबाबदारी कोणाची, हाच या वादाचा गाभा होता. मात्र स्वयंचलित पुनरारंभ म्हणजे दुरुस्ती नव्हे. बिघाडाचे कारण नोंदवहीतून शोधण्याचे काम माणसाकडेच राहते.