पोवळ्याच्या घरचे भाडेकरू

बीड जिल्ह्यातील सिरसाळा येथून सागरतीर दोनशे मैलांहूनही दूर. तथापि नवरत्नांतले पोवळे देशावरच्या अशा गावीही अपरिचित नाही. मंगळाच्या अंगठीत ते श्रद्धेने बसविले जाते. हे लाल रत्न प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले. उष्ण समुद्रांत दगडासारखे बांध उभारणारी पोवळी निराळी. आणि त्यांच्या फांद्यांच्या बेचक्यांत जो चिमुकला परिवार नांदतो, त्याची हकीकत रत्नाहूनही मौजेची आहे.

या परिवारात खेकडे व कोळंबी यांच्या वर्गातील कवचधारी जीव येतात. ट्रॅपेझिया नावाचे चिमुकले खेकडे नर-मादीच्या जोडीने एकाच पोवळ्यात संसार थाटतात आणि त्याच्या अंगावरील बुळबुळीत स्रावावर निर्वाह करतात. हॅपॅलोकार्सिनस या खेकड्याच्या मादीची तऱ्हा तर त्याहून विलक्षण. ती फांदीच्या टोकाशी बसते. पोवळे वाढत वाढत तिला वेढून टाकते, आणि ती त्या पिंजऱ्यात जन्माची बंदिवान होते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्टिम्पसन यांनी १८५९ साली हिचे वर्णन प्रसिद्ध केले.

हिंदुस्थानच्या समुद्रांतील अशा जीवांची गणना होण्यास मुंबईचाही हातभार लागला. १८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही लाकडी आगबोट बांधली गेली. सागरी नकाशांसाठी मोजणी करणे हे तिचे मुख्य काम. परंतु तिच्यावर नेमलेला वैद्य निसर्गशास्त्रज्ञही असे. १८८८ ते १८९२ या काळात हे पद आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होते. पुढे कलकत्त्याच्या संग्रहालयाचे अधीक्षक असताना त्यांनी हिंदी खेकड्यांचे वर्णन खंडशः प्रसिद्ध केले. त्यातील १८९८ च्या भागात ट्रॅपेझियाचाही समावेश आहे.

परंतु यादीत नाव चढले म्हणून स्वभाव कळतोच असे नाही. घरमालकाच्या जिवावर जगणारे हे फुकटे भाडेकरू, असाच ग्रह कोणाचाही व्हावा. तो पुढे पालटला. पनामाच्या समुद्रात पीटर ग्लिन यांना निराळेच दृश्य दिसले, व १९७६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. काटेरी तारामासा पोवळे खावयास आला की हे खेकडे नांग्यांनी चिमटे काढून त्यास परतवून लावीत. त्याच घरात राहणारी कोळंबीही त्यांच्या साह्यास धावे. २००६ साली प्रशांत महासागरातील मूरेआ बेटावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात खेकडे काढून टाकलेल्या पोवळ्यांच्या शेकडा ४५ ते ८० फांद्या महिन्याच्या आत मेल्या. खेकडे असलेल्या सर्व वाचल्या. कारण साधेच होते : पोवळ्यावर बसणारा गाळ हे भाडेकरू नित्य झाडून टाकीत असत.

मात्र राखणदार कितीही जागरूक असला तरी तापलेल्या पाण्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. १९९८ साली लक्षद्वीपची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. घर मेले की त्यावर जगणाऱ्यांचाही आधार सुटतो. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रातही जिवंत पोवळी आहेत, आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. आठवण म्हणून समुद्रातला तुकडा मोडून आणणाऱ्याच्या हाती दगडच येतो. मागे मात्र एक नांदते घर मोडलेले असते.