पाचांतून पावणेतीन

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त अपूर्णांकांचे एक लहानसे उदाहरण आहे. चतुर्थांशासह दोन आणि चतुर्थांशाने उणे तीन, यांचे सवर्णन केल्यास काय येईल? पहिल्या रीतीस त्यांनी भागानुबंध म्हटले, दुसरीस भागापवाह. उत्तरे नऊ चतुर्थांश आणि अकरा चतुर्थांश. मराठी कानाला मात्र या प्रश्नात दोन ओळखीच्या संख्या ऐकू येतात, सव्वादोन आणि पावणेतीन. आणि त्यांची बेरीज बरोबर पाच.

'सव्वा' हा 'सपाद'चा वंशज, 'पावणे' हा 'पादोन'चा. म्हणजे पावाने ऊन. वजाबाकी शब्दाच्या पोटातच आहे. पाच रुपयांतून पावणेतीन रुपये खर्च झाले, तर शाळेतील रीत पाचाचे चार पूर्णांक चार चतुर्थांश करावयास सांगते. जुना वाणी पाचांतून तीन काढी, जास्त काढलेला पाव परत देई आणि सव्वादोन म्हणे. पूर्ण संख्येतून पावणे काढले की सव्वा उरते, सव्वा काढले की पावणे, आणि साडे काढले की साडेच. 'अडीच' हा 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. म्हणून आठांतून अडीच काढताना तीन वजा करून अर्धा मिळवला की साडेपाच. साडेतीनच्या पाढ्याला 'औटकी' हे नाव मिळाले तेही 'अर्धचतुर्थ'मधूनच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही तिची भावंडे पंतोजींच्या शाळेत तोंडपाठ असत.

इंदूर, ग्वाल्हेरची हिंदी 'पौने तीन' म्हणते, बडोद्याची गुजराती 'पोणा त्रण'. तेथे आपला हिशेब शेजाऱ्याला सहज कळतो. कन्नड मात्र 'एरडू मुक्कालु' म्हणते, दोन आणि पाऊण. ही रीतही तितकीच शुद्ध आहे. ती मिळवत जाते, आपली उणे करते, एवढेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयात पाऊण म्हणजे बारा आणे. नव्या रुपयात पंचाहत्तर नये पैसे. नाणे साऱ्या देशाचे बदलले, आमच्याकडे त्याबरोबर कचेरीची भाषाही बदलली. याचा अर्थ जमिनीच्या दस्तात कळतो. पाच एकरांपैकी पावणेतीन एकर विकल्याचे जुने मराठी खरेदीखत आहे असे धरू. मराठी न शिकलेल्या भाषांतरकाराने 'पावणे' म्हणजे 'पाऊण' समजून तीन आणि पाऊण लिहिले, तर विक्रेत्याच्या वारसांकडे सव्वादोन एकरांऐवजी सव्वा एकर उरतो. फरक पुऱ्या चाळीस गुंठ्यांचा. अशा वेळी मूळ मराठी दस्त न्यायालयापुढे ठेवावा आणि भाषांतरावर लेखी हरकत घ्यावी.