वंशावळींतील चार नांवें

कोणत्याही कुळाच्या वंशावळींत दोन प्रकारचीं नांवें असतात. लिहिलेलीं आणि गाळलेलीं. पराक्रमी पुरुषांचीं नांवें ठळक अक्षरांत येतात. ज्या स्त्रीविषयीं गांवांत कुजबूज झाली, जी परक्या जातीची वा देशाची होती, तिचें नांव शाई वाळण्यापूर्वींच पुसलें जातें. येशू ख्रिस्ताच्या जन्माची कथा या रीतीस अपवाद आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीनें होतो. पुरुषांच्या त्या लांबलचक यादींत मरीयेपूर्वीं चारच स्त्रिया येतात. तामार ही यहूदाची विधवा सून. तिला सासऱ्यापासूनच मुलें झालीं. राहाब ही यरीहो नगरांतील वेश्या. रूथ ही परदेशी मवाबी विधवा. तिनें पुनर्विवाह केला आणि तिच्याच वंशांत दावीद राजा जन्मला. चौथीचें नांवही दिलेलें नाहीं. ती केवळ ‘उरीयाची स्त्री’. दाविदानें तिचा पति युद्धांत मारविला आणि तिला आपली राणी केलें. चौघींपैकीं तिघी विधवा होत्या, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकाच्या ध्यानांत सहज यावी.

पुढील कथाही त्याच वळणाची आहे. मरीया विवाहापूर्वींच गर्भवती असल्याचें कळतांच योसेफानें तिला गुपचूप सोडण्याचें मनांत आणलें. तो वाईट नव्हता. लोकापवादास भ्यालेला सज्जन होता. स्वप्नांतील आज्ञेनंतर त्यानें तिला घरीं आणलें आणि बालकाचें नांव स्वतः ठेवलें. त्या नांव ठेवण्यानेंच तें बालक दाविदाच्या कुळांतलें ठरलें. लूकाच्या कथेंत उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, म्हणून बाळास गव्हाणींत निजविलें आणि प्रथम दर्शनास रानांतले मेंढपाळ आले. मत्तयाच्या कथेंत पूर्वेकडील परके ज्ञानी आले. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणां’त ही जन्मकथा मराठी ओवींत आणली.

या कथेचें मर्म दयेपेक्षां खोल आहे. दया दाराबाहेर उभें राहूनही करतां येते. आपल्या घराचें नांव दुसऱ्यास देणें ही निराळीच गोष्ट आहे, आणि तिची कसोटी पुणें शहरांत एकोणिसाव्या शतकांत लागली.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. फसलेल्या विधवांनीं तेथें गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल मारूं नये, एवढाच त्याचा हेतु होता. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक दांपत्यानें दत्तक घेतला आणि त्याचें नांव यशवंत ठेवलें. पुढें तो डॉक्टर झाला. १८९० सालीं जोतीराव वारले, तेव्हां भाऊबंदांनीं यशवंताच्या हक्कास हरकत घेतली. सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं धरलें आणि अंत्यविधि पार पाडला.

त्याच १८९० सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस स्थापिलेलें शारदासदन पुण्यास आणलें. या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं तिनें फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. मुरुड गांवानें कर्व्यांना वाळींत टाकलें.

कर्वे ख्रिस्ती झाले नाहींत. रमाबाई झाल्या होत्या, आणि मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात या शंकेनें १८९३ सालींच सदनावर वादळ उठलें. कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० सालीं तो कोथरूडला लागून असलेल्या हिंगण्याच्या माळावरील एका झोंपडींत नेला. चिखल तुडवीत ते पायींच येत-जात. तथापि लोकांचा आधार तुटूं नये म्हणून पुनर्विवाहाची चळवळ त्यांनीं आश्रमापासून निराळी ठेवली. दार उघडणाऱ्यासही भय असतें; योसेफासही तें होतेंच. भय असूनही दार उघडलें, यांतच त्या दोघांचें मोठेपण आहे.

आज पुण्याहून कोथरूडकडे जाणाऱ्या हमरस्त्यास कर्व्यांचें नांव आहे आणि हिंगणें कर्वेनगर झालें आहे. ज्याच्या घरावर गांवानें बहिष्कार घातला, त्याचें नांव शहरानें अभिमानानें लाविलें. परंतु त्या झोंपडींत प्रथम राहिलेल्या विधवांपैकीं बहुतेकींचीं नांवें त्या रस्त्यानें जाणाऱ्यांस ठाऊक नाहींत. मत्तयानें आपल्या यादींत चार नांवांना जागा दिली. पुणेकरांच्या वंशावळींत या स्त्रियांचीं नांवें अद्याप लिहावयाचीं राहिलीं आहेत.