नोंदवहीतील माणसे

जन्ममृत्यूची नोंद म्हटली की कचेरीतील रुक्ष रकाने डोळ्यांपुढे उभे राहतात. लंडनचा व्यापारी जॉन ग्रांट याला मात्र त्यांत एका शहराचे जीवन दिसले. तेथे चर्चचे कारकून दर आठवड्यास मृत्यूंची यादी काढीत. तीत मृत्यूचे कारण असे, वय नसे. ग्रांटने बालरोगांचे आकडे वेचून १६६२ साली अनुमान केले, की जन्मलेल्या शंभरांपैकी छत्तीस मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावतात. अनुमानच ते, कारण वयाचा रकानाच नव्हता!

१८३७ च्या जुलैत इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली आणि देशभर वय व कारण लिहिले जाऊ लागले. तरी अडचण उरलीच. एकाच रोगाला तीनचार नावे, आणि एकाच नावाखाली अनेक रोग! ही उणीव विल्यम फार याने १८३९ च्या पहिल्याच अहवालात दाखविली व रोगांचे वर्गीकरण मांडले. एका जिल्ह्याचे मृत्युमान दुसऱ्याशी ताडून पाहावयाचे, तर शब्दही एकच हवेत.

श्रोतेहो, आपल्याकडे १९६९ च्या कायद्यान्वये प्रत्येक जन्म व मृत्यू एकवीस दिवसांत कळवावयाचा असतो. न नोंदलेले मूल अहवालात जन्मतही नाही आणि मरतही नाही. मग त्याच्या गावाला दवाखाना हवा, हे आकड्यांनी सांगावे कसे?