शब्दवेध : फ्लॉपी

‘फ्लॉपी’ हे मुळात विशेषण. इंग्रजीत ‘फ्लॅप’ म्हणजे फडफडणे. त्याचेच जडावलेले रूप ‘फ्लॉप’, आणि त्यावरून लुळी पडणारी वस्तू ‘फ्लॉपी’. ‘डिस्क’ त्याहून कितीतरी जुना, ग्रीक ‘डिस्कोस’पासूनचा, म्हणजे फेकायची थाळी. आयबीएमने 1971मध्ये मोठ्या संगणकांत सूचना भरण्यासाठी 8 इंची चुंबकीय तबकडी आणली. पुढे ‘डिस्केट’ हे नावही आले, पण हातात धरताच वाकणाऱ्या त्या प्लास्टिकला ‘फ्लॉपी’च शोभले. 1976मध्ये शुगार्ट कंपनीचा 5.25 इंची एसए-400 ड्राइव्ह आला. शुगार्टचीच यंत्रणा घेऊन स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी 1978चा ॲपल ‘डिस्क टू’ रचला. हा ड्राइव्ह उघडून उलटा केला की पट्ट्यावर फिरणाऱ्या चाकावर रेघांची दोन वर्तुळे दिसतात, एक 50 हर्ट्झच्या विजेसाठी, दुसरे 60च्या. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या रेघा स्थिर भासल्या, की मिनिटाला फेरे बरोबर 300. जुने ड्राइव्ह दुरुस्त करणारे आजही याच सुरेख खुणेवरून वेग जुळवतात. सोनीच्या 3.5 इंची तबकडीला कडक कवच मिळाले. आतली चकती लुळीच असल्याने तिलाही ‘फ्लॉपी’च म्हणतात, आणि ते रास्तच आहे.